ओलं लाकूड, सुकं लाकूड आणि लेथ : वाचकांचे प्रश्न

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, चढवलेल्या अर्धवट सुकलेल्या लाकडाच्या तक्रारींची बरीच पत्रं एकदम आली, म्हणून या वेळचं सदर त्याच एका विषयासाठी. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लाकडात पिना टोचून ओलावा मोजणाऱ्या मीटरवर ठोकळा ११ टक्के दाखवत होता. वाडगा कातला, पॉलिश केलं आणि तीन आठवड्यांत तो लंबगोल झाला. तळही टेबलावर नीट टेकत नाही. मीटर बिघडला आहे का?

मीटर बहुधा ठीक असेल. त्याने दाखवलेले ११ टक्के पिना जिथवर रुतल्या तिथले, म्हणजे वरच्या पाच-सहा मिलिमीटरचे. ७५ मिमी जाडीचा ठोकळा वरून ११ आणि पोटात १९-२० टक्के असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. कातताना आपण नेमका तो वरचा सुका थर उडवून टाकतो आणि ओलं पोट उघडं पाडतो. पुढचं सुकणं मग तयार वस्तूत होतं.

पोटातला आकडा मिळवायचे दोन मार्ग आहेत. त्याच लाकडाचा जादा तुकडा असेल तर तो रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने उभा फोडा आणि आतलं ताजं अंग उघडं पडल्या पडल्या पिना टोचा. पाच-दहा मिनिटं थांबलात तर तो पृष्ठभागही सुकू लागतो. टोकाच्या आडव्या छेदावर मात्र मोजू नका. टोकाकडून ओल सर्वांत झपाट्याने जाते, त्यामुळे तिथला आकडा नेहमीच आशादायक असतो.

जादा तुकडा नसेल तर वाडग्याला बाहेरून आकार द्या, आतून अर्धं पोखरा आणि लेथ थांबवून आतल्या अंगावर मोजा. पिनांची भोकं पुढे निघून जाणाऱ्या भागात पडतात. आत आणि बाहेर दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या दिवशी वाडगा पुरा करण्याचा हट्ट सोडा. जाड भिंत ठेवून तो सुकायला ठेवा.

मीटरच्या आकड्यात आणखी दोन चुका शिरतात. पहिली जातीची. बरेच पिनवाले मीटर डग्लस फर या सूचीपर्णी लाकडावर जुळवलेले असतात. शिसम, चिंच, बाभूळ अशा लाकडांवर तोच आकडा दोन-तीन टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणून मीटरसोबत येणारा जातींचा तक्ता किंवा त्यातली जातीची सेटिंग वापरा. दुसरी चूक तापमानाची. हा मीटर लाकडाचा विद्युतरोध मोजतो, आणि लाकूड तापलं की रोध घटतो. मीटर साधारण २० अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो. त्यावर दर १० अंशांना आकडा साधारण एक ते दीड टक्का जास्त दिसतो. उन्हात पडलेला ठोकळा आत आणून लगेच मोजू नये, तो याचमुळे.

प्रश्न : ताज्या ओंडक्यावर एके ठिकाणी ४२ टक्के येतात, हातभर पुढे ५८. सरासरी काढायची का?

नाही. दोन्ही आकड्यांचा अर्थ एकच : ओलं आहे.

लाकडातलं पाणी दोन जागी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. सुकताना आधी पोकळ्या रिकाम्या होतात, आणि तोवर लाकूड आकसत नाही. साधारण २८ ते ३० टक्क्यांना पोकळ्या संपतात, भिंतींतलं पाणी जाऊ लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. पिनांचा मीटर याच हद्दीच्या खाली भरवशाचा असतो, ढोबळमानाने ७ ते २५ टक्के. त्यावरचे आकडे पडद्यावर छान दिसतात एवढंच. खालच्या टोकालाही ६-७ टक्क्यांच्या आत रोध इतका वाढतो की साधा मीटर चाचपडतो.

ओलाव्याची टक्केवारी पूर्ण सुक्या वजनाशी काढतात, हेही लक्षात असू द्या. त्यामुळे काही ताज्या लाकडांत ती १०० च्या वर जाते. त्यात मीटरचा दोष नसतो.

प्रश्न : पिनांचा मीटर घ्यावा की बिनपिनांचा?

कातकाम करणाऱ्याने पिनांचा घ्यावा. बिनपिनांच्या मीटरला त्याची पट्टी पूर्ण टेकेल एवढा सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. वाडग्याच्या गोलाईवर किंवा सालीसकट ओंडक्यावर तो टेकतच नाही. शिवाय त्याचा आकडा लाकडाच्या घनतेवर अवलंबून असतो. घनता चुकीची भरली की सगळंच चुकलं. रंधून ठेवलेल्या फळ्यांचा ढीग झटपट तपासायला तो उत्तम, आणि लाकडाला भोकंही पडत नाहीत. मात्र पातळ फळी लोखंडी टेबलावर ठेवून मोजू नका, कारण तो खालचं टेबलही मोजतो. फळीखाली दोन पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवा.

जाड ठोकळे वारंवार घेत असाल तर हातोड्याने ठोकायच्या लांब पिनांचा जोड उपयोगी पडतो. त्याच्या पिनांना टोक सोडून विद्युतरोधक लेप असतो, त्यामुळे २५-३० मिमी आतला आकडा मिळतो. बिनलेपाच्या लांब पिना निरुपयोगी. वाटेत जो थर सर्वांत ओला, तोच त्या दाखवतात.

प्रश्न : मीटर घेणं सध्या शक्य नाही. लाकूड सुकलं की नाही, हे अंदाजाने कसं ओळखावं?

अंदाजाने ओळखू नका, वजनकाट्याने ओळखा. गालाला लावून गार लागतं का, ठोकल्यावर आवाज कसा येतो, हे प्रकार पूर्ण ओलं आणि बऱ्यापैकी सुकं एवढंच सांगतात. १४ टक्के की १०, हे त्यांना कळत नाही. आमच्या मते या कामात मीटर नसला तरी चालतं, काटा नसला तर चालत नाही.

ठोकळ्यावर किंवा जाड कातून ठेवलेल्या वाडग्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा वाडग्याला पुरतो. सुरुवातीला आठवड्याला, पुढे पंधरा दिवसांनी वजन करा. समजा ताज्या वाडग्याचं वजन १४८० ग्रॅम आहे. पुढच्या नोंदी १३१०, १२३०, ११९० अशा भराभर उतरतील, मग उतरण मंदावेल, आणि शेवटी ११४६, ११४४, ११४५ असं रेंगाळेल. वजन उतरायचं थांबून हवेबरोबर थोडं वरखाली होऊ लागलं, म्हणजे दमट आठवड्यात ११५२ आणि कोरड्या आठवड्यात परत ११४४, की त्या जागेपुरतं लाकूड सुकलं. पंधरा-पंधरा दिवसांच्या तीन नोंदी पाव टक्क्याच्या आत, या वाडग्याला म्हणजे सुमारे ३ ग्रॅमच्या आत, आल्या की तो लेथवर चढवायला हरकत नाही. दर वेळी जागा तीच ठेवा. वाडगा गरम माळ्यावर सुकवून दमट तळघरात आणला तर सगळ्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून.

टक्क्यात आकडा हवाच असेल तर भट्टीची पद्धत आहे, आणि मीटर तपासायलाही शेवटी हीच वापरतात. ठोकळा कापताना टोकापासून बराच आत, शक्य असेल तर ३० सेंमी सोडून, २० ते २५ मिमी जाडीचा पूर्ण आडवा काप घ्या. भुसा झटका आणि लगेच वजन करा. लगेच जमणार नसेल तर काप प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. मग १०३ अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवा. बहुतेक कापांना दिवसभर तरी लागतो. शेवटी दोन-दोन तासांनी वजन करा, आणि दोन वजनं सारखी आली की थांबा. तापमान बरंच वर गेलं तर पाण्यासोबत लाकडातली इतर द्रव्यंही उडतात, आकडा फुगतो आणि लाकूड करपतं. भट्टी चालू असताना घर सोडून जाऊ नका.

आता हिशोब. काप ओला १८६ ग्रॅम, सुका १२४ ग्रॅम. फरक ६२, भागिले १२४, म्हणजे ५० टक्के. त्याच लाकडाचा शेजारचा ठोकळा ४.२ किलोचा असेल तर त्याचं पूर्ण सुकं वजन ४.२ भागिले १.५, म्हणजे २.८ किलो. १२ टक्क्यांना त्याचं वजन २.८ गुणिले १.१२, म्हणजे सुमारे ३.१४ किलो असलं पाहिजे. हा आकडा ठोकळ्यावर लिहून ठेवा. पुढे फक्त काटा पाहायचा.

काप फार लहान घेऊ नका. सुकं वजन ५० ग्रॅम असेल तर काट्याची एका ग्रॅमची चूक थेट दोन टक्क्यांची होते. छोट्या कापाला दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

प्रश्न : नेमकं किती टक्क्यांवर कातावं? कुणी ८ सांगतं, कुणी १२.

वस्तू जिथे राहणार तिथल्या हवेला विचारा. २० ते २५ अंशांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असली तर लाकूड सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतं. ५० टक्के आर्द्रतेला ९ वर, ६५ ला १२ वर, ८० ला १६ वर. हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं उपकरण, खोलीत महिनाभर टांगून सरासरी पाहा आणि त्यावरून लक्ष्य ठरवा. ६५ टक्के आर्द्रतेच्या घरात राहणाऱ्या डब्यासाठी लाकूड मुद्दाम ६ टक्क्यांपर्यंत उतरवलं तर ते नंतर फुगणार, इतकंच. एक वर्षाला एक इंच हा जुना हिशोब फळ्यांसाठीसुद्धा ढोबळ आहे. जात, जाडी, वारा आणि आर्द्रता यांपैकी एक बदललं तरी तो कोसळतो.

प्रश्न : नुकतंच तोडलेलं झाड मिळालं. ओंडके सावलीत ठेवले होते, तरी चार दिवसांत टोकांना तारकेसारख्या भेगा पडल्या. काय चुकलं?

सावली बरोबर होती, टोकं उघडी राहिली. लाकडातून पाणी रेषेच्या दिशेने, म्हणजे टोकाकडून, अंगाच्या मानाने दहा-पंधरा पट वेगाने निघतं. टोकाचा थर सुकून आकसू पाहतो, आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही, आणि तो थर फाटतो. त्यात भर म्हणजे वाढीच्या वलयांच्या दिशेने लाकूड जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. पुष्कळ लाकडांत हे प्रमाण ८ आणि ४ टक्क्यांच्या आसपास असतं. सागवान यात गुणी, ६ आणि अडीच टक्क्यांच्या जवळपास. अख्ख्या गोल ओंडक्याला घेर आकसायचा असतो, पण मधला भाग तेवढा आकसत नाही. तो फाटल्याशिवाय कसा राहील?

तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांवर मेणाच्या इमल्शनचा (पाण्यात घोटलेल्या मेणाचा) जाड थर द्या. सुकल्यावर दुसरा हात द्या. पॅराफिन वितळवून लावणार असाल तर ते पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट जाळावर कधीही नाही. पांढऱ्या सुतारी गोंदाचे दोन जाड हात थोड्या आठवड्यांपुरते भागवतात. भेगा दिसल्यावर मेण लावून उपयोग नाही. आधी भेगांचा भाग कापून टाका, ताज्या छेदावर एकही केसासारखी रेष दिसत नाही ना ते पाहा, आणि लगेच लेप द्या.

चिरायला दोन-चार दिवस लागणार असतील तर ओंडके शक्य तितके लांब ठेवा. प्रत्येक नवं टोक म्हणजे नवी भेग. चिरताना लांबी वाडग्याच्या व्यासापेक्षा दोन्हीकडे ४०-५० मिमी जास्त धरा. ओंडका मधोमध, गाभ्याच्या ठिपक्यातून उभा फाडा आणि त्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंचं किमान १०-१२ मिमी लाकूड काढून टाका. गाभ्याचा ठिपका वाडग्यात राहिला तर भेग जवळपास ठरलेली. ओंडके जमिनीला टेकवून ठेवू नका, आणि ताडपत्रीत गच्च गुंडाळूही नका. भेग टळते, पण बुरशी धरते.

प्रश्न : ओला वाडगा जाड कातून कागदी पिशवीत ठेवला. भिंत ३५ मिमी, व्यास २५० मिमी. काठावर दोन बाजूंना समोरासमोर भेगा आल्या. भिंत आणखी जाड हवी होती का?

उलट, पातळ हवी होती. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवायची, म्हणजे तुमच्या वाडग्याला २५ मिमी. भिंत जितकी जाड, तितका पोटातला आणि वरचा थर यांत ओलाव्याचा फरक जास्त, आणि तोच फरक लाकूड फाडतो.

२५ मिमी पुरतात का, ते पाहू. बाहेरचा व्यास २५०, आतला २००. ताज्या ओल्या लाकडापासून १२ टक्क्यांपर्यंत येताना, आडव्या दिशेने ८ टक्के आकसणारं लाकूड सुमारे पावणेपाच टक्के आकसेल. रेषेच्या दिशेने जवळजवळ काहीच नाही. म्हणजे बाहेरून वाडगा एकीकडे २५० आणि दुसरीकडे २३८ होईल, आतून २०० आणि १९०. तो पुन्हा गोल करायला बाहेरून २३८ वर आणि आतून २०० वर यावं लागेल. भिंत उरेल १९ मिमी. हवा तो आकार द्यायला एवढी पुष्कळ आहे. वाडगा थोडा पिळलेला असला तरी निभावतं. सागवानासारख्या कमी आकसणाऱ्या लाकडाला व्यासाच्या ८ टक्के भिंतसुद्धा चालेल.

भेगा समोरासमोर आल्या, कारण काठावर त्याच दोन जागी लाकडाची टोकं उघडी पडलेली असतात. पुढच्या वेळी त्या दोन पट्ट्यांवर आत-बाहेर मेण लावा, बाकी अंग मोकळं सोडा. सगळा वाडगा मेणाने माखला तर सुकायला उगाच महिने लागतात. काठाची धार जराशी गोल करा. भेगेला सुरुवात करायला तीक्ष्ण कोपरा फार आवडतो.

तळ तपासायला विसरू नका. भिंत २५ मिमी आणि टेननसकट (चकात, म्हणजे लेथच्या पकडणाऱ्या जबड्यांत, धरायच्या तळाच्या गोल उंचवट्यासकट) तळ ५० मिमी, असे वाडगे फार दिसतात. असा तळ मागे ओला राहतो आणि भिंतीला ओढतो. आतून तळ खोल घेऊन तिथली जाडी भिंतीजवळ आणा. चकाला ५० मिमीचं टेनन लागत असेल तर ओल्या वाडग्यावर ते ५८-६० मिमी ठेवा. सुकल्यावर ते लंबगोल होतं, आणि गोल करायला माल हवा. टेननवर टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या दुसऱ्या बाजूच्या सरकत्या आधाराच्या, टोकाचा खड्डा राहू द्या. दुसऱ्या फेरीत वाडगा चकावरच्या रबर लावलेल्या गोल फळीवर पालथा धरायचा, टेलस्टॉक त्या खड्ड्यात टेकवायचा, आणि आधी टेनन गोल करायचं.

पिशवीबद्दल. पहिले दोन-तीन आठवडे कागदी पिशवीचं तोंड दुमडून ठेवा, आत त्याच लाकडाच्या थोड्या ढलप्या घाला. रोज नाही, तरी दोन दिवसांआड उघडून पाहा. बुरशीचा पांढरा लव दिसला तर पुसा, ओल्या ढलप्या फेकून कोरड्या भरा. छापील वर्तमानपत्रात गुंडाळलं तर शाई लाकडाला लागू शकते, कोरा कागद बरा. नंतर पिशवी उघडी, मग वाडगा मोकळा. जोराचा वारा, पंखा आणि ऊन यांपासून दूरच.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये वाडगा सुकवता येतो का?

येतो, पण पातळ आणि सारख्या जाडीचा. भिंत २५ मिमीच्या वर असेल तर नादी लागू नका, पोट तापून आतून फाटतं किंवा करपतं. अन्नाचा मायक्रोवेव्ह वापरू नका. वाडग्याचं वजन करा, सर्वांत कमी किंवा डीफ्रॉस्टच्या शक्तीवर एक-दोन मिनिटं तापवा, बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा वजन करा. हातात धरवत नाही इतका तापला तर वेळ कमी करा. आठ-दहा फेऱ्या सहज लागतात. प्रत्येक फेरीत वजन उतरणं कमी होत जाईल, आणि उतरणं नगण्य झालं की थांबायचं. सुक्या लाकडाला आणखी मिनिटं देणाऱ्यांच्याच ओव्हनमधून धूर येतो. लाकडात खिळा किंवा स्टेपल राहिलेली नको. काढलेला वाडगा निदान तासभर नजरेसमोर ठेवा, कारण आत निखारा धुमसत राहू शकतो. यानंतरही वाडगा काही दिवस खोलीत पडू द्या, मगच शेवटचं कातकाम.

प्रश्न : ६० मिमी व्यासाची झाकणाची डबी. कातली तेव्हा झाकण सुरेख बसत होतं, दोन महिन्यांनी निघेनासं झालं.

समजा लाकूड १८ टक्क्यांवर होतं आणि ८ वर आलं. एका दिशेने सुमारे पावणेतीन टक्के म्हणजे १.७ मिमी, दुसरीकडे त्याच्या निम्मं, ०.८५ मिमी. दोन्ही भाग लंबगोल झाले, फरक पाऊण मिलिमीटरहून जास्त. झाकणाची बसण तर दशांश मिलिमीटरवर चालते.

डबी दोन फेऱ्यांत करा. झाकण आणि पोट दोन्ही पोखरून ८-१० मिमी भिंत ठेवा, रबराने एकत्र न बांधता सुटे ठेवा, वजन थांबेपर्यंत वाट पाहा. मग बसण काढा. पूर्ण सुकं लाकूडसुद्धा ऋतूबरोबर ९ वरून १२ टक्क्यांवर जातं, आणि ६० मिमीला पाव मिलिमीटरचा लंबगोलपणा येतो. म्हणून हवा दाबून बसणारं झाकण या मापाला मागू नका, थोडी ढील ठेवा. झाकण आणि पोट एकाच तुकड्यातून काढा आणि रेषा जुळवून खूण करा. दोन्ही एकाच दिशेने लंबगोल होतात, तेव्हा त्याच स्थितीत झाकण सुखाने बसतं. ते फिरवून बसवलं की अडकतं.

प्रश्न : ओल्या लाकडावर एकाच फेरीत पातळ वाडगा कातला तर?

चालतं, लंबगोल झालेला आकार आवडत असेल तर. भिंत ३ ते ५ मिमी आणि सगळीकडे सारखी हवी. काठ २ आणि तळ १० असेल तर फाटणारच. मध्ये जेवायला उठू नका. पातळ काठ अर्ध्या तासात वाकतो आणि पुढची पटाशी त्यावर आपटते. काठ आधी पुरा करा, मग खाली सरका, आणि पाण्याचा फवारा मारत राहा. ओल्या अंगावर सँडपेपर लगेच भरतो, आणि दाबून घासलं तर घर्षणाच्या उष्णतेने टोकांकडे बारीक तडे जातात. सुकल्यावर हाताने घासा. लॅकर किंवा पॉलियुरेथेनही तेव्हाच. आधी मारलं तर थर पांढुरका होतो नाहीतर सुटतो.

प्रश्न : ओलं बाभळीचं लाकूड कातल्यावर हाताच्या बोटांचे आणि चकाच्या जबड्यांचे काळे-निळे डाग पडले.

टॅनिन आणि लोखंड यांची गाठ. बाभूळ, अक्रोड, ओक यांत टॅनिन भरपूर, आणि ओल असली की लोखंडाचा कणसुद्धा पुरतो. बोटांवरही धारेचं लोखंड असतंच. काम थांबवताना चकाचे जबडे आणि लेथचा बेड पुसून त्यावर मेण फिरवा, नाहीतर ते रात्रीत गंजतात. ओला वाडगा चकात अडकवून ठेवू नका. स्टील वूलही ओल्या लाकडाला लावू नका, तिचे तुटके तंतू ठिपक्यांची रांगोळी काढतात. पडलेले डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यातल्या द्रावणाने निघतात. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा लावूनच वापरा. डाग गेला की भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकेपर्यंत घासू नका, त्याची पूड नाकात जाणं फार वाईट. धुतल्यावर वाडगा पुन्हा ओला झालेला असतो, तेव्हा पॉलिशआधी वजन परत मूळ आकड्यावर येऊ द्या.